कचऱ्यातली रेघ

साथीत लोक इंटरनेटवर काय शोधतात, त्यावरून आजार कुठे पसरतोय ते ओळखायचं, हे तिचं आरोग्य खात्यातलं काम. 'ताप उतरत नाही', 'वास येत नाही' असे शोध ठेवायचे, बाकीचे कचऱ्यात टाकायचे. चार महिने ती डोळ्यांत तेल घालून हेच निवडत होती.

आज साहेब म्हणाले, "कचऱ्याचाही एकदा आलेख काढून बघ. काही निसटलं नसेल ना?"

तिने काढला आणि बघतच राहिली. ज्या भागात तापाची रेघ चढली होती, तिथे दोनच दिवसांनी कचऱ्यातला एक प्रश्न तसाच चढला होता. प्रत्येक भागात, दर वेळी. 'दाराबाहेर ठेवलेला डबा गरम कसा राहील?'

"आता हे कसलं लक्षण म्हणायचं?" साहेबांनी चष्मा पुसत विचारलं.

तिने त्या प्रश्नाचं पहिलं उत्तर उघडलं. 'जाड टॉवेलात गुंडाळून ठेवा.'

मागच्या महिन्यात ती घरात एकटी तापाने फणफणली होती, तेव्हा अकरा दिवस रोज दाराबाहेर टॉवेलात गुंडाळलेला डबा येत होता. कोणीतरी एक देवमाणूस तो ठेवून जातो, असंच ती धरून चालली होती. डबे ती धुऊन बाहेर ठेवायची, ते गुपचूप उचलले जायचे. टॉवेल मात्र, कोणाला लागण नको म्हणून, तिने घरातच ठेवून घेतले होते.

अकरा टॉवेल, आणि एकासारखा दुसरा नव्हता.