भुणभुण

“सिस्टर, आज हात बघाच तुम्ही! सूज पार उतरली,” डायलिसिसच्या खोलीत पाऊल टाकल्या टाकल्या शिंप्याच्या बायकोने आनंदाची बातमी देऊन टाकली.

शिंपी खुर्चीत हात पुढे करून बसला. कोपराखाली, कातडीच्या आत, नवी कृत्रिम रक्तनळी होती. आज पहिल्यांदाच तिच्यात सुया जायच्या होत्या. दुसऱ्या हाताच्या शिरा केव्हाच कामातून गेलेल्या, त्यामुळे रक्त साफ करायला सगळी भिस्त या एका नळीवर.

ती घातल्यापासून हात लालबुंद झाला होता, टम्म फुगला होता. डॉक्टर म्हणाले होते, “घाबरू नका. शरीराला नळी परकी वाटते, म्हणून ते तिच्याशी भांडतंय. भांडण मिटलं की सूज उतरेल.” बायकोने एवढंच डोक्यात पक्कं धरलं. हाताला कान लावला की आत भुणभुण ऐकू यायची. हेच ते मेलं भांडण, असं तिने ठरवूनही टाकलं. काल नवऱ्याचे हाल बघवेनात, तेव्हा तिने दुकानातली एक कापडी पट्टी घेतली आणि हाताला करकचून बांधली. मुरगळलेल्या पायाची सूज ती अशीच उतरवायची.

“आणि भुणभुणही बंद!” ती हसून म्हणाली. “सकाळी पट्टी सोडली नि कान लावला. अगदी शांत.”

सिस्टरने घाईघाईने हातावर बोटं टेकवली. मग स्टेथोस्कोप लावला, जरा वर सरकवला, जरा खाली. तिचा चेहरा उतरला.

“काकू, ती भुणभुण म्हणजे नळीतून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज होता. नळी बंद पडलीय.”

बायकोने पुन्हा त्याच्या हाताला कान लावला.

“हे पट्टीचे वळ! इतकं घट्ट बांधायला सांगितलं कुणी?” सिस्टरचा आवाज चढला.

“मीच,” शिंपी पटकन म्हणाला. “ही बिचारी नको नकोच म्हणत होती.”

सिस्टर डॉक्टरांना बोलवायला धावली. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघतच राहिली. रात्री तो कण्हत म्हणाला होता, “जरा सैल कर गं.”

आणि तिने त्याला दटावलं होतं, “लहान मुलासारखं करू नका. झोपा गुपचूप.”