कॅरिअरवरची गादी

अलकनंदाबाईंच्या नातीचे कान टोचले, सोनार मिळेना म्हणून मॉलमधल्या दुकानात टोचले, त्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. बाई कॉनर पास या खिंडीच्या पायथ्याला आल्या, सायकलवरून एक पाय रस्त्याला टेकला आणि मान मागे टाकून त्यांनी वर पाहिलं. डोंगराच्या बरगडीवरून रस्ता चढत गेला होता. ढगात शिरायच्या जरा आधी त्यावर एक मोटार दिसत होती, मुंगीएवढी.

लेकाच्या गावाहून, ॲथलोनहून, एकट्या निघाल्याला आठवडा होत आला होता. वाटेतला एकही चढ त्या सायकल हातात धरून चालल्या नव्हत्या. नेमच तसा केला होता. आता हा एकच चढ उरला. पलीकडे डिंगल गाव, आणि पुढे नुसता समुद्र.

सामान सगळं पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकत होतं. मागचं कॅरिअर मोकळं. त्यावर पुण्याहून आणलेली लाल रेक्झिनची गादी, आणि गादीवर रबरी पट्ट्यांनी आवळलेला फोन.

"थांबलीस कशाला?" फोनमधून यजमानांचा आवाज आला. त्या आवाजामागे ऑक्सिजनच्या मशीनची घरघर. "मुहूर्त बघतेस की काय?"

"पाणी पितेय. तुमचं बरं आहे, बसल्या जागी बोलायला काय जातं!"

"अलके, बसणाऱ्याचे हाल तुला मी सांगू?"

बाई हसल्या. विद्याधर ॲथलोनला लेकाच्या घरी उशांना टेकून पडले होते. फुप्फुसं कामातून गेली होती. ही वाट त्यांनी स्वतःसाठी ठरवून ठेवलेली. घरात मशीन आलं त्या दिवशी बायकोला म्हणाले, "आता तू चालव. मी मागे बसतो." तन्मय आईवर चिडला, बापावर चिडला, शेवटी मुकाट्याने सायकलचे ब्रेक तपासायला बसला. फोन हँडलवर लावू म्हणाला, तर म्हातारा ऐकेना. मागे म्हणजे मागेच.

पुण्यात सगळं उलट होतं. ते चालवत, बाई मागे याच गादीवर. चढ आला की मागच्याने न सांगता खाली उडी मारायची, हा डबलसीटचा रिवाज. धनकवडीच्या चढाला बाई वर्षानुवर्षं उतरल्या आणि भाजीच्या पिशव्या सावरत चालत गेल्या. ते वर जाऊन घंटी वाजवत उभे.

एक जुनी जीप शेजारी येऊन थांबली. आत एक मेंढपाळ, त्याच्या मांडीवर कुत्र्याचं डोकं.

"वर वारा फार आहे, बाई," तो म्हणाला. "सायकल टाका मागे. खिंडीत सोडतो. कुणाला कळतंय?"

"मागे बसलेत त्यांना कळेल," बाई आपल्या इंग्रजीत म्हणाल्या.

त्याने गादीकडे पाहिलं.

"हॅलो!" गादीवरून आवाज आला. "शी इज नॉट गेटिंग डाऊन, सर!"

मेंढपाळाने टोपीला हात लावला, "ग्रँड, मग," म्हणाला आणि जीप पुढे काढली.

बाईंनी सर्वांत हलका गिअर टाकला आणि पायडल मारलं.

निम्म्या चढापर्यंत मांड्या बोलायला लागल्या होत्या. डावीकडे कातळातून पाणी पडत होतं, उजवीकडे गुडघ्याएवढा दगडी कठडा आणि खाली खोल दरी. वारा समोरून छातीवर हात ठेवून मागे ढकलत होता. सायकल इतकी हळू चालली होती की रस्त्याकडेच्या मेंढीने चरणं थांबवून पाहिलं.

"अगं," मागून आवाज आला, "धाप लागलीय तुला. मी उतरू का?"

"बसा गप्प."

"चढ आहे म्हणून म्हटलं. रिवाज असतो."

"कोणी काढला तो रिवाज? बसा म्हटलं ना!"

घरघर हसल्यासारखी अडखळली, मग खोकला, मग पुन्हा घरघर. बाई त्या घरघरीवर पाय टाकत राहिल्या.

रस्ता अरुंद झाला. कातळ डोक्यावर आला. तिथल्या वळणावर घरघर थांबली.

"अहो?"

वाऱ्याशिवाय काही नाही.

रेंज गेली असेल. दुसरंही काही असेल. फोन बघायचा तर थांबायला हवं, थांबायचं तर पाय टेकायला हवा, आणि टेकला की या चढावर पुन्हा सायकलवर बसून निघणं नाही. बाईंनी दात आवळले. "अहो, बसलाय ना?" त्या मागे न बघता म्हणाल्या आणि उत्तराची वाट न पाहता पायडल दाबलं. मग दुसरं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते वाऱ्यानेच कानाकडे नेलं. वळण, पुन्हा वळण. चाक डगमगलं, कठड्याकडे गेलं, त्यांनी ओढून सरळ केलं. मोठ्याने कुणाला तरी शिवी दिली. आजवर त्यांच्या तोंडून कुणी शिवी ऐकली नव्हती.

मग चाक आपोआप हलकं झालं. समोर दुसऱ्या बाजूचा समुद्र होता.

जीप तिथेच बाजूला उभी होती. कुत्रा उठून उभा राहिला. बाई उतरल्या नाहीत. त्यांनी अंगठा घंटीवर ठेवला आणि वाजवली. पुन्हा वाजवली. वाजवतच राहिल्या.

मागे घरघर सुरू झाली.

"ऐकू येतंय," विद्याधर म्हणाले. "मी बसूनच होतो की. आता उतार आहे, ब्रेक जपून दाब."

विद्याधर त्याच वर्षी कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, ॲथलोनला वारले.