पाठीचा तुकडा

डुकराच्या पाठीचा लांब, चरबीचा तुकडा मिर्तोनं स्वतःच्या हातानं कापला आणि शाहिरापुढे आणला. ग्रीसच्या युबिआ बेटावरच्या त्या बंदरात हा मान शाहिराचाच. राजा आला तरी त्यानं बरगड्यांवर भागवायचं. पण आज मिर्तो ताट हातातून सोडेना.

"शाहीरबुवा, एक मागणं आहे."

"माग की, म्हातारे. मांस समोर असताना मी कुणाला नाही म्हणत नाही."

खाली वाळूवर तीन होड्या ओढून ठेवल्या होत्या. वारा फिरला की समुद्रापलीकडे निघायचं, लुटीला. वल्हेकरी अंगणात जेवायला बसले होते आणि त्यांच्यात तिचा नातू लिसानोर, तिच्या मेलेल्या लेकीचा एकुलता एक. जेवणाआधी शाहिरानं पलीकडच्या तटबंदीच्या नगरीचा पोवाडा गायला होता. हजार जहाजं, दहा वर्षांचं युद्ध, आणि वेशीत एकटा उभा राहून छातीवर भाला घेणारा फेनिप. "माझे मामाआजोबा!" लिसानोर शेजारच्याला कोपरानं ढोसत सांगत होता. पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलेलं त्यानं. कुणी बोलावलं नसताना वल्हं मागून घेतलं ते त्यापायीच.

"फेनिपचं खरं गा," मिर्तो हळू म्हणाली. "एकदाच. आज."

"खरं म्हणजे?"

"हजार कुठली, तीन होड्या होत्या. दहा वर्षं नव्हेत, नऊ दिवस. मेंढ्या पळवायला गेले होते. तटावरून दगड आले आणि वेस काही कुणी उघडली नाही. माझा भाऊ डबक्यातलं पाणी प्यायला अन् तिसऱ्या दिवशी वाळूवर पडून गेला. रक्ताची हगवण. आईला हाका मारत होता."

शाहिरानं तुकड्याकडे पाहिलं. "लोक जेवतायत, बाई."

"मग जेवणं झाल्यावर गा."

"तुला सांगितलं कुणी हे?"

"त्याच्या जोडीच्या वल्हेकऱ्यानं. फेनिपचा पट्टा आणून दिला त्यानं माझ्या हातात."

"मग बोलाव त्याला."

"तो कधीच मेला."

"बघ. आणि माझा फेनिप अजून वेशीत उभा आहे." शाहीर हसला; कुजकट मात्र हसला नाही. "गुरूनं दिलं तसं मी गातो. गुरूला देवीनं दिलं. त्यात मी हात कसा घालू?"

देवीनं! मिर्तोला हसावं की रडावं कळेना. फेनिप गेला त्या हिवाळ्यात ती सोळा वर्षांची होती. जो तो विचारायचा, कसा गेला गं तुमचा फेनिप? आणि आई तोंडावर वस्त्र ओढून भिंतीकडे वळायची. याचा गुरू मुक्कामाला आला तेव्हा मिर्तोनं घरातलं होतं नव्हतं ते एक डुक्कर कापायला लावलं, पाठीचा तुकडा त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, 'माझ्या भावाला चांगलं मरण द्या.' म्हाताऱ्यानं डोळे मिटले, वाद्याच्या लाकडावर दोन बोटं वाजवली. 'फेनिप. बसतं चालीत.' झालं. त्या रात्री आई पोटभर जेवली. पुढे गावोगाव फिरता फिरता होड्या वाढल्या, वर्षं वाढली, कुठून तरी एक राणीही आली. त्यात मिर्तोचा काही हात नव्हता. पण भाला तिचा होता.

तिनं ताट शाहिरापुढे ठेवलं, अंगणाच्या मधोमध गेली आणि सगळं मोठ्यानं सांगून टाकलं. मेंढ्या, दगड, डबकं, हगवण.

तांडेल घास चघळतच ओरडला, "अगं आज्जे, नातवाला सोडवत नाही तर तसं सांग ना! त्याला आम्ही नुसती द्राक्षाची पाजू, पाण्याचा थेंब नाही!"

अंगण खदाखदा हसलं. लिसानोर तेवढा हसला नाही. मान खाली घालून तो तिच्याजवळ आला.

"आजी, मी जाऊ नये म्हणून तू मामाआजोबांना हगवणीनं मारतेस?"

"मी नाही रे. मी त्याला भाल्यानं मारलं. तिथंच चुकलं माझं."

त्याला काही कळलं नाही. कळावं तरी कसं? 'उन्हानं झालंय,' असं लोकांना खुणेनं सांगत त्यानं तिला दंडाला धरून अंजिराखाली आणून बसवलं. डोक्यावरची पानं सळसळत उलटी झाली. वारा फिरला होता. वल्हेकरी हात पुसत उठू लागले.

शाहिराला तिची दया आली असावी. हाड ताटात ठेवून, म्हातारीला तेवढंच बरं वाटेल अशा बेतानं त्यानं तिच्या नातवाला हाक मारली.

"इकडे ये रे, पोरा. नाव काय तुझं?"

"लिसानोर."

शाहिरानं डोळे मिटले. चरबीनं माखलेली दोन बोटं वाद्याच्या लाकडावर वाजली. लिसानोर श्वास धरून उभा राहिला. त्याचे कान लालबुंद झाले होते, लहानपणी त्याच्या आईचे व्हायचे तसे.

"बसतं," शाहीर म्हणाला. "छान बसतं."