डावीकडे जाणारी वाट

प्रकाशक हिलमीबेंनी नवं मुखपृष्ठ विदादबाईंपुढे सरकवलं आणि चहात साखर ढवळत बसले. साखर केव्हाच विरघळली होती.

चित्र झकास होतं, उगाच नावं कशाला ठेवा? निळे कडे, दोन चंद्र, दरीवरचा पूल आणि पुलावरून भाकरी खात निघालेला प्रवासी. परदेशातून विकत आणलेलं. मालिकेची अकरा मुखपृष्ठं विदादबाईंनी हातानं रंगवली होती. बारावं, शेवटचं पुस्तक मात्र या चित्रासह निघणार होतं. वाचकांना आता असलंच लागतं, असं हिलमीबेंचं म्हणणं.

वाचकांचं म्हणाल, तर ते बाईंचे डोंगर बघून पत्रं पाठवत. हे येमेनात आहे की मोरोक्कोत, जायला गाडी कुठून मिळते? बाई तर उभ्या जन्मात कैरोबाहेर गेल्या नव्हत्या. तिथल्याच शुब्रा मोहल्ल्यातल्या घरातली चुरगळलेली रजई बघून त्या डोंगर काढत. त्यांचं नाव एकाही पुस्तकात नव्हतं, आणि त्यांनी कधी मागितलंही नव्हतं.

बाई उठल्या. कपाटातली अकराही पुस्तकं काढून लांब टेबलावर उजवीकडून डावीकडे मांडत गेल्या. पहिल्या पुस्तकावरची पायवाट दुसऱ्यावर चढली, तिसऱ्यावर नदी ओलांडून गेली, ती थेट अकराव्यावरच्या खिंडीपर्यंत. हिलमीबेंचा चमचा थांबला. इतकी वर्षं ही पुस्तकं छापून त्यांना हे कधी दिसलं नव्हतं.

बाईंनी नवं चित्र शेवटी ठेवलं.

"आपलं अरबी पुस्तक उजवीकडे बांधलेलं, डाव्या कडेनं उघडतं, हिलमीबे. तुमचा हा पाहुणा उजवीकडे चाललाय, बांधणीत घुसायला. वाचक अकरा पुस्तकं चालत आला, आणि हा त्याला म्हणतोय, चल माघारी."

चित्र आरशातल्यासारखं उलटवून छापू, असं हिलमीबे पुटपुटले. बाईंनी प्रवाशाच्या हाताकडे नुसतं बोट दाखवलं. उलटवलं की तो डाव्या हातानं जेवणार होता. हिलमीबे ओशाळले.

"खिंडीपलीकडे काय आहे, मादाम?"

"मला ठाऊक आहे. रंगवीन. पण या खेपेला नाव लागेल. विदाद बिशारा सआद. बापाचं, आज्याचं, सगळं."

हिलमीबेंनी कागद ओढला. आतल्या पानावर, खाली बारीक अक्षरांत टाकू म्हणाले.

"आत नको," बाई म्हणाल्या. "डोंगरांच्या वर आभाळात एवढी जागा मोकळी सोडलीय. बघा ना, अकराही पुस्तकांवर."