हेराशिगीची हजेरी

कुवाबाराबाईंनी तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावला आणि तो समोरच होता. चिखलात किडे टिपणाऱ्या टिलवा पाखरांच्या घोळक्यात, त्यांच्याएवढाच, चिमणीएवढा. फक्त चोचीच्या टोकाला चपटा चमचा. खरकट्या ताटातून चमचा फिरवावा तशी चोच डावीउजवीकडे फिरवत चालला होता. हेराशिगी. जगात काही शेच उरलेत म्हणतात. त्यांतल्या एकासाठी बाई एकोणीस वर्षं जपानातल्या आरिआके खाडीच्या या बांधावर दर रविवारी येत होत्या.

मिनिटभर त्यांनी त्याला पोटभर पाहिलं. श्वाससुद्धा जपून घेतला. तेवढ्यात मागे बुटांची धपधप ऐकू आली. ओरिता बांधावरून पळत सुटला होता, गळ्यातली तोफेएवढी लेन्स त्याच्या पोटावर आपटत होती.

"गुरुजी! हेराशिगी! चमचा बघितला हो, चमचा!"

हिदाका गुरुजी, म्हणजे पक्षिमंडळाचे म्होरके, दुर्बीण सावरत उठेपर्यंत वरून ससाणा फिरला. सगळा घोळका एकदम उडाला आणि खाडीपार गेला. चिखल रिकामा झाला.

हा ओरिता मंडळात आला एप्रिलमध्ये. निवृत्त झाल्यावर बायकोने "दिवसभर पायात येऊ नका" म्हणून घराबाहेर काढला, तेव्हा पाखरं बघायला लागलेला माणूस. ओढ्याचं गोडं पाणी जिथे खाडीला मिळतं, तिथे बारकी पाखरं उतरतात, हेही त्याला बाईंनीच सांगितलं होतं. आयत्या बिळावर नागोबा! बाईंच्या पोटात असं काही दुखलं की त्या दुर्बिणीपाशी तशाच वाकून राहिल्या.

दुपारी भरतीचं पाणी बांधाला लागलं, तशी अकरा मंडळी बांधावर ओळीने बसली. हजेरी झाल्याशिवाय डबे उघडायचे नाहीत, ही इथली रीत. गुरुजी यादीतून एकेका पाखराचं नाव घ्यायचे आणि ज्याला ते दिसलं त्याने "पाहिला" म्हणायचं. रोजच्या पाखराला एक आवाज पुरे. दुर्मीळ असेल तर दोन माणसं हवीत, नाहीतर फोटो.

"हेराशिगी," गुरुजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पाहिला!" ओरिता जवळजवळ उभाच राहिला.

"फोटो?"

कॅमेरा हातोहात फिरला. ओरिताचे हात इतके कापले होते की चाळीसच्या चाळीस फोटोंत पाखरू नव्हतं.

"चिखल मात्र झकास आलाय हो," उरानो आजी म्हणाल्या. "एवढ्या पैशांत माझ्या लेकीने गाडी घेतली. ती निदान भाजी तरी आणते."

सगळे हसले. ओरिताही हसला. मग गुरुजींनी विचारलं, "दुसरं कोणी?"

एक शब्द. तेवढाच हवा होता. बाईंच्या जिभेवर तो आलाही होता. पण गुरुजींची वही त्यांना पाठ होती. वहीत लिहिलं जाणार, शोधला ओरिताने, साक्षीला कुवाबारा. एकोणीस वर्षं थंडीवाऱ्यात उभं राहायचं ते दुसऱ्याच्या लग्नात साक्षीदाराची सही करायला? बाईंनी थर्मासचं झाकण उघडलं आणि पुन्हा घट्ट लावलं.

"कुवाबारा-सान, तुम्ही त्याच कोपऱ्यात होता ना?"

"होते."

"मग?"

"मला टिलवेच दिसले."

गुरुजींनी खोडरबर काढला. "मग नव्हताच तो," ते म्हणाले, अगदी सहज. "यांच्या नजरेतून सुटायचा नाही."

ओरिता कानापर्यंत लाल झाला. उठून सगळ्यांपुढे कमरेत वाकला. "माफ करा. चोचीला चिखल लागलेला टिलवा असेल. उतावीळपणा झाला."

बाईंच्या पोटातलं दुखणं थांबलं. कुरव झाला, बगळा झाला, घार झाली. इतरांबरोबर बाईही "पाहिला, पाहिली" म्हणत गेल्या. कावळ्याचं नाव येईतो त्यांच्या ध्यानात आलं, की ओरिताच्या नावावरचा हेराशिगी खोडला गेला तसा आपल्याही नावावरचा गेला. आज इथे तो नव्हताच. असं त्यांनीच तर सांगितलं होतं. आता घरी नवऱ्यालासुद्धा सांगायची सोय उरली नव्हती, कारण तो गुरुजींबरोबर दर बुधवारी गोचा पट मांडून खेळायला बसायचा.

डबे उघडले. ओरिता आपला डबा घेऊन बाईंच्या शेजारी येऊन टेकला. त्याने नाशपातीच्या सोललेल्या फोडी त्यांच्यापुढे केल्या. बायकोने मंडळींसाठी म्हणून दिल्या होत्या.

"रागावला नाहीत ना? तुमचं पाखरू ते. मी उगाच मध्ये तडफडलो."

"छे हो."

"खरं सांगू, मलाही बरंच वाटलं. या बांधावर पहिला तो तुम्हालाच दिसायला हवा." त्याने स्वतः एक फोड तोंडात टाकली. सकाळचा चिखल आता पुरुषभर पाण्याखाली होता. "तुम्हाला दिसला असता तर काय केलं असतंत हो?"

बाईंनी फोड उचलली, पण तोंडात घातली नाही.

"ओरडले असते," त्या म्हणाल्या. "अख्ख्या बांधाला ऐकू गेलं असतं."

"बघा!" ओरिताने मांडीवर थाप मारली. "तुम्ही गप्प उभ्या होतात, तेव्हाच मला कळायला हवं होतं."