सरकीसकट

नत्थुजीनं पहिल्या खुर्चीचं सीट उघडलं, तशी इंदूबाई पुढे वाकली.

वरचं रेक्झिन निघालं. त्याखाली हिरवं कापड निघालं. त्याखाली कधीकाळी लाल असलेली मखमल. अन् मखमलीखालून निघाले काळे, राठ, गुंतवळासारखे केस.

"घोड्याचे हायेत," नत्थुजी म्हणाला. गादीकाम करता करता त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. "राणीच्या राज्यातल्या खुर्च्या अशाच भरत. असली माल हाय, वकीलबाई."

वकीलबाई म्हणजे इंदूबाईची नात रागिणी. अमरावतीत नवं ऑफिस थाटत होती. असली माल ऐकून ती खुश व्हायला पाहिजे होती. पण ती आजीकडे पाहत होती.

"आजी, कापूस कुठाय?"

"दुसरीत असन. दोन होत्या ना! कोनती फाडली, त्याच्यावर काय मी नाव लिहून ठेवलं होतं?"

गोष्ट घरादाराला पाठ होती. सतरा वर्षांची इंदूबाई अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मॅनेजरचा बंगला झाडायची. खुर्च्या पुसायच्या, बसायचं नाही. एक दिवस मॅनेजर जेवायला गेला अन् ही बसली. बसली ती बसली, वरून उड्या मारल्या. कापड टरकन फाटलं. मग जिनातून ओटीभर कापूस आणून आत कोंबला, अन् पोती शिवायच्या दाभणानं वर सुतळीचे टाके घातले. इथवर ठीक. पण साठ वर्षांत गोष्टीला पालवी फुटली. स्प्रिंगनं उडून इंदूबाई थेट पंख्याला लटकली. तेवढ्यात मॅनेजर आला. उकडत होतं, त्यानं पंखा सुरू केला. इंदूबाईच्या चार चकरा झाल्या, तरी त्यानं वर पाहिलं नाही.

घरातले पोट धरून हसायचे. रागिणी हसली नाही. जिनाचं सामान विकत घेतलेल्या भंगारवाल्याच्या गोदामात "याच त्या!" असं आजीनं छातीठोक सांगितलं, अन् पोरीनं त्याच पावली दोन्ही खुर्च्या टेम्पोत चढवल्या. "एक माझी. दुसरीत पहिल्या दिवशी तू बसायचं," म्हणाली.

आता इंदूबाईला तिचंच खरं आठवेना. पंखा खोटा, हे तिला माहीत होतं. चकरा तर खोट्याच. पण त्याच्या आधीचं? ती खरंच बसली होती, की नुसतं बसावंसं वाटलं होतं? गोष्ट सांगता सांगता खऱ्याची जागाच तिला सापडेनाशी झाली होती.

नत्थुजीनं दुसरी खुर्ची पुढे ओढली. पितळी चाकं कुरकुरली.

"थांबा ना जरासक," इंदूबाई म्हणाली. "आंधी चहा घ्या."

"आत्ताच त घेतला, आजी."

"मंग पान खा."

"तुमाले कायची घाई हाय अन् कायची नाई, काईच समजून नाई राह्यलं," नत्थुजी म्हणाला अन् त्यानं खिळे उपटायला घेतले.

रेक्झिन निघालं. नत्थुजीचा हात थांबला. मग त्याचं डोकंच फिरलं.

"अरे बापा! हे काय हाय?"

हिरव्या कापडावर आडवेतिडवे, बोटाबोटाएवढे सुतळीचे टाके होते. त्यानं कात्रीनं ते कचाकच कापले, आत हात घातला अन् मूठभर पिवळा पडलेला कापूस बाहेर काढला. तळहातावर पिंजला, तर आत काळ्या सरकीचे दाणे.

"कोन्या गाढवानं भरला हा? साफ रुई नाई, त सरकीसकट कापूस! खुर्ची भरली का ढोराची गव्हान? अन् शिवली कायनं, त पोत्याच्या सुतळीनं!"

"म्या," इंदूबाई म्हणाली.

"काय म्या?"

"ते गाढव म्या. रुईचा हिशोब असे ना बापा. बाहेर ढीग पडला राहे, त्यातला ओटीभर कापूस कोन मोजते?"

ती नत्थुजीच्या स्टुलावर मटकन बसली अन् पदरानं डोळे पुसू लागली. "लय धूळ हाय व माय तुमच्या दुकानात."

रागिणीनं सरकीचा एक दाणा उचलला. पुढून मागून पाहिला, मूठ मिटली.

"नत्थुजी, हा कापूस परत आतच भरा," ती म्हणाली.

"भरतो. पन सरकी काढा लागन. नाई त तुमच्या ऑफिसात पक्षकारांच्या आंधी उंदरं येतीन."

इंदूबाईनं लगेच कापूस मांडीवर ओढला अन् दाणे वेचायला बसली. बोटं कशी भराभर चालत होती. साठ वर्षं झाली, असं कोण म्हणेल?

"आजी," रागिणी हळूच म्हणाली, "मंग पंख्याचं बी खरंच का?"

नत्थुजीही हातोडी खाली ठेवून पाहू लागला.

इंदूबाईनं दोघांकडे पाहिलं. मग खाली वाकून घोड्याचा एक लांब केस उचलला अन् उजेडात धरला.

"पंख्याचं मंग सांगतो. आंधी हा घोडा पाह्य. याले मी वळखतो."

"आजी," नत्थुजी म्हणाला, "हे खुर्ची तुमच्या जन्माच्या आंधीची हाय."

"त मी पाह्यला तो याचा नातू असन. आयाळ आज्यावरच गेली होती त्याची."

जमिनीवरच्या केसांवर पडलेला आपला पाय नत्थुजीनं हळूच बाजूला घेतला.