इतिहासाबाहेरची माणसं

“म्हंजे आपण त्यांच्या इतिहासात न्हाईच?” तानाबाईनं विचारलं.

हत्तुरे सरांनी खडू खाली ठेवला. “इतिहास म्हणजे स्वातंत्र्याची वाटचाल, असं त्या जर्मन तत्त्ववेत्त्याचं म्हणणं. ती युरोपात जाऊन पूर्ण होते. आपला देश त्याच्या मते कधीचाच मागं थांबलाय.”

“आन् आमच्यासारखे मेंढरं राखणारे?”

“तुमच्या सांगोल्याकडची माणसं त्याला ठाऊकच नव्हती.”

“बरं झालं,” ती हसली. “चुकीचं तरी काय लिवलं न्हाई.”

सरही हसले. वर्गात दोघंच होती. तत्त्वज्ञानाचा हा शेवटचा तास. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते आणि सोलापुरातल्या त्या कॉलेजातला हा विषयही त्यांच्याबरोबरच बंद होणार होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. घरी तोंड उघडायचं कारणच पडत नसे. बोलणं व्हायचं ते इथं, या एका तासात.

तानाबाई बेचाळीस वर्षांची, धनगराची लेक. शेजारच्या वसतिगृहात भाकरी थापायची. सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बारावी झाली होती. तीन वर्षांपूर्वी या विषयाला एकही विद्यार्थी उरला नव्हता. विषय बंद करायचं पत्रही तयार होतं. तेवढ्यात पदराला हात पुसत ही प्रवेश घ्यायला आली. तिच्या एका नावावर विषय तीन वर्षं तगला.

स्टाफरूममध्ये कुणी टिंगल केली की सर म्हणायचे, “समाज पुढं जातो का, म्हणून विचारता? तानाबाईकडं बघा. मेंढरांमागून आलेल्या बाईला विचारांची ओढ लागली. आणखी काय पुरावा पाहिजे?”

आज मात्र ते त्यांना तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. एवढं एक ऐकलं की घरी जायला ते मोकळे होते.

“तानाबाई, इतके विषय होते. तुम्ही तत्त्वज्ञानच का घेतलंत?”

वही मिटता मिटता ती थांबली. “खरं सांगू? राग न्हाई ना येणार?”

“छे, छे. सांगा की.”

“भाकरी थापताना खिडकीतनं तुमचा वर्ग दिसायचा, सर. आत एक पोरगं नसायचं. तरी तुमी रोज यायचा, फळाभर लिवायचा, बाकड्यांना समजावून सांगायचा.” तिनं मान खाली घातली. “मला बघवंना झालं की वो.”